वैराग्य की व्याधी?



बारावीपर्यंत वर्गात पुढे असणारा मुलगा महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी अबोल होतो. मित्र सुटतात, दुकानावर बसणे सुटते, खोलीचे दार दिवसभर बंद राहू लागते. अन्नावरची रुची जाते, कपड्यांचे भान राहत नाही. इतरत्र अशा मुलाला आळशी म्हटले जाईल. जैन घरात मात्र आणखी एक शब्द सहज ओठावर येतो : वैराग्य. पूर्वभवीचे संस्कार जागे झाले, असे आजी कौतुकाने सांगते. यात वर्ष-दीड वर्ष निघून जाते. मग एके दिवशी शेजाऱ्यांनी पाण्यात विष कालवल्याचे तो सांगू लागतो आणि घर हादरते. हे चित्र कोणा एका कुटुंबाचे नव्हे, पण ते अनेकांना ओळखीचे वाटेल.

या व्याधीस स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता, असे म्हणतात. हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली रूढ केले. नावामुळे एका देहात दोन माणसे वावरतात असा गैरसमज पसरला आणि चित्रपटांनी तो वाढविला. वस्तुतः येथे विचार, भावना आणि इंद्रियबोध यांची परस्परसंगती तुटते. समोर कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आणि ते रुग्णाला अगदी खरे असतात. कोणी पाळत ठेवीत आहे, कट रचीत आहे, अशा पक्क्या समजुती होतात. कोणत्याही पुराव्याने त्या हलत नाहीत. बोलण्याचा धागा तुटतो. परंतु या ठळक लक्षणांच्या कितीतरी आधी ते मूक अलिप्तपण येते, आणि नेमके तेच ओळखू येत नाही.

शंभरातील सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी हा आजार होतो. पुरुषांत तो बहुधा विशीच्या आसपास, स्त्रियांत थोडा उशिरा सुरू होतो. आनुवंशिकता, मेंदूच्या वाढीतील फरक, डोपामिनसारख्या मेंदूतील रसायनांचा असमतोल आणि गांजासारखे व्यसन यांचा त्यात वाटा असतो. आईच्या संगोपनाचा दोष त्यात नसतो. ही जुनी समजूत शास्त्राने केव्हाच टाकून दिली आहे. भ्रम आणि भास दिसले म्हणजे छिन्नमनस्कताच, असेही नाही. तीव्र उन्माद किंवा नैराश्य, बाळंतपणानंतरचा मनोविकार, व्यसन, वृद्धांतील शारीरिक आजार यांतही ते दिसतात. म्हणून निदान वैद्यानेच करावयाचे असते.

वैराग्य आणि व्याधी यांतील भेद कसा ओळखावा? विरक्त साधकाचे नियम वाढतात; सामायिक, स्वाध्याय वेळेवर होतात, कषाय मंद होतात, वागण्यात मार्दव येते. आजारी मुलाचे साधे स्नानही सुटते, झोपेचे चक्र उलटते, पुस्तकाच्या एका पानावर चित्त ठरत नाही, संशय वाढतो. कधी तो दिव्य आवाज ऐकल्याचे सांगतो, तेव्हा भाबडे आप्त अवधिज्ञानाची भाषा करू लागतात. याहून मोठा घात नाही, कारण उपचार जितका लांबतो तितका सुधार अवघड होतो.

असातावेदनीय कर्माचा उदय म्हणून हात जोडून बसावे काय? ज्वर आल्यावर कोणी तसे बसत नाही. औषध हे निमित्त आहे, आणि औषधदान तर चार दानांतील एक आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याच्या दृष्टांतांत वृषभसेनेचे नाव येते, ते औषधदानासाठीच. निर्विचिकित्सा अंगासाठी तेथेच उद्दायन राजाचे उदाहरण आहे. कथेनुसार व्याधिग्रस्त मुनीने अंगावर वमन केले तरी तो राजा किळसला नाही. आजच्या उद्दायनाला वमनापेक्षा अवघड गोष्ट सोसावी लागते : स्वतःच्या मुलाने घेतलेला स्वतःवरचा संशय. याच ग्रंथाने मूढतांचा निषेध केला आहे; तरीही मध्यरात्री गाडी देवऋषीच्या दाराशी थांबते. भूत उतरविण्यासाठी माणसाला मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

औषधांविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या समाजात औषधे बंद पडण्याची काही कारणे वेगळी आहेत. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा उपयोग सुरू झाला आणि उपचारांचे युग पालटले. त्यानंतर अनेक नवी औषधे आली. बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणे हे आजार उलटण्याचे प्रमुख कारण आहे. जैन घरात त्यात पर्वकाळाची भर पडते : दशलक्षणात वा पर्युषणात उपवास धरला, रात्रीचा आहार वर्ज्य, म्हणून रात्रीची गोळी राहिली. यावर मार्ग आहेत. पुष्कळदा वैद्य मात्रा सूर्यास्तापूर्वी हलवू शकतात. काही औषधांची महिन्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शनेही मिळतात. जिलेटिनच्या कॅप्सूलची अडचण असल्यास गोळीबद्दल विचारावे. पाण्यावाचूनचा उपवास लिथियम घेणाऱ्या रुग्णास घातक ठरू शकतो, हे मात्र नीट ध्यानी धरावे. श्वेतांबर परंपरेच्या प्रत्याख्यानात समाधीसाठी आगार ठेवलेलाच आहे. साधू-साध्वींसमोर आजार लपवून मुलाला तपाचा नियम देववणारे पालक गुरूंनाही अंधारात ठेवतात.

लपविण्याचे खरे कारण बहुधा विवाह हेच असते. ‘लग्न केले की सुधारेल’ हा सल्ला अजून ऐकू येतो, आणि त्याची किंमत परघरची मुलगी मोजते. जैनांना लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती मिळवली असेल तर विवाह रद्द ठरविता येतो. उलट सारे सांगून, औषधे चालू ठेवून झालेले संसार टिकलेलेही असतात. आई किंवा वडील यांपैकी एकास हा आजार असला तरी दहापैकी सुमारे नऊ अपत्यांना तो होत नाही, हेही वधूवर सूचक मंडळांनी जाणून घ्यावे.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. ‘देवराई’ हा मराठी चित्रपट याच विषयावरचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि मानसिक आजारास विम्यात शारीरिक आजाराच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्ला मिळतो. रुग्ण येण्यास तयार नसला तरी प्रथम घरच्यांनी एकट्याने वैद्यास भेटण्यास हरकत नाही; पुष्कळांची सुरुवात तेथूनच होते.