वाद्यपथकाची शिस्त आणि मुलांची सुरक्षितता

(मुख्याध्यापक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी शाळेच्या मैदानावर बँडपथक उभे राहते. पथकप्रमुखाची काठी वर जाते, ढोलावर पहिली थाप पडते आणि सर्व मुलांची पावले एकाच वेळी उचलली जातात. हे दृश्य पाहून गावाला धन्यता वाटते आणि ते योग्यच आहे. संचलनाच्या संगीतातून मुले तालाबरोबरच सहकार्य, चिकाटी आणि स्वाभिमान शिकतात. परंतु ज्या गुणावर पथक उभे असते, तो आज्ञापालनाचा गुण अयोग्य माणसाच्या हाती सापडला, तर तोच मुलाला असहाय करतो. थांब म्हटले की थांबावे, सोस म्हटले की सोसावे आणि पथकातील गोष्ट पथकाबाहेर बोलू नये, अशी सवय एकदा लागली की अन्याय झाला तरी मूल तोंड उघडत नाही. त्या मुलाला बोलता यावे म्हणून कोणती व्यवस्था असावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

अमेरिकेतील दोन धडे

संचलन-संगीताची परंपरा अमेरिकेत मोठी आहे. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचे 'मार्चिंग हंड्रेड' हे पथक इतके नावाजलेले होते की, फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८९ साली पॅरिस येथे निघालेल्या संचलनात त्याला स्थान मिळाले. याच पथकातील २६ वर्षांच्या एका ड्रम मेजरचा १९ नोव्हेंबर २०११ रोजी ऑर्लँडो येथे मृत्यू झाला. सामना संपल्यानंतर उभ्या असलेल्या बसमध्ये त्याला पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत सहकाऱ्यांचे ठोसे व लाथा खात जावे लागले होते. पथकात मान मिळवण्याची ती एक 'प्रथा' होती.

ही घटना अकस्मात घडलेली नव्हती. काही आठवड्यांपूर्वीच त्या पथकातील एका विद्यार्थिनीच्या मांडीचे हाड अशाच मारहाणीत मोडले होते. धोक्याची सूचना मिळाली होती. ती पुरेशी मनावर घेतली गेली नाही. पुढे पथक बंद ठेवण्यात आले व ते २०१३ साली पुन्हा सुरू झाले. विद्यापीठाच्या अध्यक्षांना २०१२ साली पद सोडावे लागले आणि एका माजी सदस्याला न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली. मुलगा स्वखुशीने बसमध्ये गेला होता, हा बचाव तेथे चालला नाही. कारण संमती हा छळाचा बचाव होऊ शकत नाही, असे फ्लोरिडाचा कायदाच सांगतो. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये अशा छळाच्या घटनांची नोंद करून ती प्रसिद्ध करण्याचे बंधन सर्व अमेरिकेतील महाविद्यालयांवर घालणारा कायदा झाला.

पहिल्या प्रकरणात छळ करणारे सोबतीच होते. दुसऱ्या प्रकरणात बोट प्रौढांकडे वळले. अमेरिकेत १९७१ साली स्थापन झालेल्या 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' या संस्थेच्या स्पर्धांसाठी किशोरवयीन व तरुण वादक उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात आणि रात्री शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात. न्यू जर्सीत १९३४ साली सुरू झालेले 'कॅडेट्स' हे पथक दहा वेळा अजिंक्य ठरले होते. एप्रिल २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी या पथकाच्या संचालकाविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केल्याचे वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले आणि संचालकाने पद सोडले. पुढे १९८० च्या दशकातील कथित अत्याचाराबाबतचा दावा उभा राहिला आणि २०२४ साली नव्वद वर्षांचे हे पथक बंद पडले. तक्रार वेळीच ऐकली जाण्याची सोय नसली की मुलांचे नुकसान होते आणि अखेरीस संस्थाही उरत नाही.

आपल्याकडील परिस्थिती

आपल्या राज्यात शाळांचे बँड, लेझीम व झांज पथके आणि गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथके यांत असंख्य मुले-मुली भाग घेतात. सराव सायंकाळी उशिरापर्यंत चालतो, मिरवणुकीसाठी परगावी जावे लागते आणि शिकवणारे पुष्कळदा शाळेबाहेरचे असतात. यांतील बहुसंख्य शिक्षक व कार्यकर्ते निष्ठेने काम करतात. तथापि, केवळ विश्वासावर व्यवस्था सोपवणे सुरक्षित नाही. चांगल्या माणसालाही नियमांमुळे संरक्षणच मिळते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ अन्वये मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ अन्वये शैक्षणिक संस्थेच्या आत वा बाहेर केलेल्या रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा 'पोक्सो' कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. असा गुन्हा समजल्यास पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक आहे. हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. संस्थेचे नाव खराब होईल म्हणून आपसांत मिटवणे हा मार्ग कायद्याने बंद केला आहे.

काय करता येईल

पुढील गोष्टींना फारसा खर्च नाही. बाहेरचा प्रशिक्षक नेमण्यापूर्वी त्याच्या पूर्वीच्या कामाची चौकशी व पोलीस पडताळणी करावी. सरावाच्या वेळी किमान दोन प्रौढ व्यक्ती, आणि मुली असल्यास त्यांपैकी एक स्त्री, उपस्थित असावी. एकट्या मुलाला वा मुलीला बंद खोलीत 'विशेष शिकवणी' देऊ नये. गणवेशाची मापे सर्वांसमक्ष व स्त्रीच्या हातून मुलींची, पुरुषाच्या हातून मुलांची घ्यावीत. मुक्कामी मुलामुलींची झोपण्याची सोय स्वतंत्र असावी व प्रशिक्षकाने मुलांच्या खोलीत झोपू नये. भ्रमणध्वनीवरील निरोप पालक ज्या गटात आहेत त्याच गटातून जावेत.

चुकलेल्या तालासाठी मुलाला ढोल कमरेला बांधून उन्हात उभे करणे वा मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे ही शिस्त नव्हे. चुकीवर उपाय एकच, तोच तुकडा सावकाश पुन्हा वाजवणे. ज्येष्ठ वादकांना शिकवण्याचा अधिकार द्यावा, शिक्षा करण्याचा नव्हे. नवागताचे 'स्वागत' सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तक्रार ऐकणारी व्यक्ती पथकाबाहेरची असावी. शाळेतील सखी सावित्री समिती किंवा गावातील बाल संरक्षण समिती हे काम करू शकते. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक सरावाच्या जागी मोठ्या अक्षरांत लावावा. मुलाने काही सांगितल्यास त्याला दोष न देता ऐकावे, त्याचे नाव उघड करू नये आणि आरोप असलेल्या व्यक्तीला त्या मुलापासून तत्काळ दूर ठेवावे.

येत्या सरावाच्या पहिल्या दिवशी वाद्ये वाटण्यापूर्वी मुलांना एवढे अवश्य सांगावे की, ताल चुकू नये म्हणून प्रमुखाचे ऐकायचे आहे. परंतु अंगाला वा मनाला इजा करणारी आज्ञा मोडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि ती मोडल्यामुळे पथकातील त्यांची जागा जाणार नाही. हे वचन देणे आणि पाळणे ही मुख्याध्यापक, सरपंच व पथकप्रमुख या तिघांचीही जबाबदारी आहे.