ठासणीची द्यावी, काडतुसाची घ्यावी?

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका वाडीवरच्या बाराजणी. आमच्या बचत गटात शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, काजूच्या हंगामासाठी, पोरांच्या फीसाठी कर्ज मागितलेले आम्ही ऐकले होते. पण मिरगाच्या आधीच्या बैठकीत आमच्या एका वहिनीने बंदुकीसाठी कर्ज मागितले, तेव्हा आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

बंदूक त्यांच्या घरात नवीन नव्हे. सासऱ्यांच्या नावावर शेती संरक्षणाचा परवाना आहे आणि पडवीच्या आतल्या खोलीत ठासणीची बंदूक आहे. आपल्याकडे अशा बंदुका पुष्कळ घरांत आहेत. रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुणगाच्या कुणगा लोळवून जातो हे ज्यांनी बघितले आहे, त्यांना ती कशाला हे सांगावे लागत नाही. वहिनींचे म्हणणे असे की ही जुनी देऊन टाकावी आणि काडतुसाची एकनळी घ्यावी. दुकानदार बदलून देतो म्हणाला होता.

ठासणीची कशी चालते ते शहरातल्या मैत्रिणींसाठी सांगतो. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. मागे केप बसवायची. घोडा केपेवर पडला की ठिणगी आत जाते आणि बार होतो. एक बार झाला की हे सगळे पहिल्यापासून. तोवर डुक्कर थांबत नाही. आणि पावसात दारूला ओल लागली की केप नुसती फट् म्हणते, बार होतच नाही. अशा वेळी नळीत डोकावायचे नाही, नळी मोकळ्या रानाकडे धरून थांबायचे. दारू आत धुमसत असली तर बार उशिराने होतो. काडतुसाची बंदूक मधे मोडून मागून भरतात. ओल लागत नाही आणि दुसरे काडतूस लगेच घालता येते.

हे ऐकून आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, मग घेऊ दे की. काहीजणी म्हणाल्या, गटाचा पैसा बंदुकीत घालायचा नाही, उद्या काही झाले तर नाव आपले. एकीचा मुलगा म्हणे, घ्यायचीच तर रायफल घ्या, लांब मारते. त्याला आम्ही तिथेच गप्प केले. रायफलच्या नळीत पिळाच्या सऱ्या असतात, गोळी एकच आणि ती कोसभर लांब जाऊ शकते. डुकराला चुकली तर पलीकडच्या वाडीत कोणाच्या अंगणात जाईल? शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये, कलम १३ मध्ये, शेती संरक्षणासाठी नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर सपाट नळीची दुसरी बंदूक देता येते, नळी २० इंचांपेक्षा आखूड नको. रायफलला ही सवलत नाही.

म्हणजे ‘बदलून देतो’ हे दुकानदाराच्या तोंडचे शब्द झाले. मिक्सर बदलावा तशी बंदूक बदलत नाही. परवान्यावर ठासणीची लिहिली आहे, ती काडतुसाची करायला आधी जिल्हाधिकारी कचेरीची परवानगी हवी. जुनी द्यायची ती परवानाधारक दुकानदाराला किंवा परवाना असलेल्या माणसाला, आणि माणसाला विकायची तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे. जुन्या ठासणीच्या बंदुकीला गिऱ्हाईक कुठून मिळणार? दुकानदार तिचे जे देत होता, त्यात सागाची एक बरी फळी आली नसती. बाकी सगळी रक्कम नवीच घालायची होती.

आम्ही बाराजणी महिन्याला दोनशे टाकतो, म्हणजे वर्षाचे २८,८००. नव्या बंदुकीला तेवढेही पुरत नव्हते. वर काडतुसे विकत. ठासणीच्या बंदुकीत नुसती दारू भरून आवाज काढला तरी कळप पळतो, छर्रे लागतही नाहीत. आणि खरे काम आवाजाचेच आहे. डुक्कर मारायचे तर वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी लागते. गवा, माकड यांच्यावर तर बंदूक रोखायचीही नाही. परवाना पिकासाठी आहे, शिकारीसाठी नाही, हे आपल्या घरातल्या पुरुषांना आपणच सांगायला हवे. मटणाचा वाटा घरी आला की आपणही विचारत नाही, तो कुठला ते.

इथवर बोलणे झाले तेव्हा आमचे मन ‘नको’कडे झुकले होते. मग वहिनी जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगतो. “गो, ती बंदूक घरात भरलेली आसता, म्हणान माका झोप येणा नाय.”

ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. ठासणीची एकदा भरली की सहज रिकामी होत नाही. बार काढायचा, नाहीतर कोणी जाणत्याने जपून ठासण ओढून काढायची. सासरे संध्याकाळी भरून मांगरात जातात, डुक्कर आले नाही तर सकाळी तशीच घरी आणतात. दारू फुकट का घालवायची म्हणून. घरात चार वर्षांचा नातू. दारूचा डबा चुलीच्या खोलीतल्या फळीवर, कारण तिथे ती कोरडी राहते! काडतुसाची असली तर उंबऱ्याबाहेरच मोडून काडतूस खिशात टाकता येते. वहिनीला नवी बंदूक डुकरांसाठी कमी आणि घरासाठी जास्त हवी होती.

त्या रात्री आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. सासऱ्यांना समजावणे सोपे नव्हते, बंदूक त्यांच्या वडिलांपासूनची. पण त्यांनी ऐकले. दारूचा डबा त्याच रात्री चुलीपासून हलला आणि कुलपाच्या पेटीत गेला. केपा वेगळ्या डब्यात. केप काढल्याशिवाय बंदूक मांगरातून निघणार नाही आणि उंबरा चढायच्या आधी खळ्यापलीकडे मोकळ्या जागी बार काढायचा, हेही ठरले. याला एक पैसा लागला नाही.

मग दुसरा प्रश्न निघाला, तो आमच्या मते बंदुकीपेक्षा मोठा. सासऱ्यांची सत्तरी उलटली आहे. नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. रात्री कुणग्यात कोण असते? वहिनी. आणि परवाना सासऱ्यांचा असल्यामुळे तिने बंदुकीला हात लावला तर तो गुन्हा. घरातली बंदूक म्हणजे घरातल्या सगळ्यांची बंदूक नव्हे. नवी आणून परवाना सासऱ्यांच्याच नावे राहिला असता, तर आम्ही कर्ज देऊन एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात नवी वस्तू दिली असती, एवढेच. परवानाधारकाने सत्तरी ओलांडली की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. कचेरीत विचारले, तेव्हा सुनेच्या नावाने अर्ज घेऊ म्हणाले, बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागेल म्हणाले. टेबलापलीकडच्या माणसाने “तुम्ही चालवणार?” असे दोनदा विचारले. वहिनी दोन्ही वेळा हो म्हणाली.

तेव्हा गटाने ठराव लिहिला तो असा. बंदुकीचे कर्ज नाकारलेले नाही. परवाना वहिनीच्या नावे झाला आणि काडतुसाच्या बंदुकीची परवानगी हातात आली की रक्कम द्यायची, त्याआधी दुकानदाराला इसारही द्यायचा नाही. आता मात्र आठ हजार द्यायचे, रानाकडच्या बाजूच्या सौर कुंपणात तिचा वाटा म्हणून. हे कुंपण बॅटरीवरचे असते, त्यात झटका येतो आणि जातो. घरच्या विजेची तार शेतात सोडणे वेगळे, त्याने माणसे मेली आहेत. अनुदान बसते का ते वनरक्षकाला विचारलेच पाहिजे, आम्ही विचारले आहे. नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत तक्रार द्या, फोटो काढून ठेवा. आमच्यातल्या दोघींचे पैसे निव्वळ उशिरामुळे बुडाले.

एक गंमत सांगायची राहिली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीला आचारसंहिता लागली ती ऑक्टोबरात, भात पिकलेले असताना, आणि वाडीवरच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. ठासणीची काय आणि काडतुसाची काय, दोन्ही कुलपात. त्या महिन्यात आम्ही पाळीपाळीने मांगरात बसून पत्र्याचे डबे वाजवले. शेती संरक्षणाच्या बंदुकांना सवलत मागता येते, पण अर्ज वेळेत जायला हवा. यापुढे निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच अर्ज लिहून ठेवायचा, हे काम गटाच्या सचिवाकडे दिले आहे.

वहिनीचा अर्ज अजून कचेरीत आहे. कुंपणाचे खांब आले आहेत, तार यायची आहे. सासरे रोज सकाळी खळ्यापलीकडे बार काढतात आणि आता त्या आवाजाने आमची पोरे शाळेसाठी उठतात.