गेलेले सामान आणि आलेला नकार



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खोटी नाही; पण तिच्या आधाराने आपण पुष्कळदा हक्काच्या पैशांवरही पाणी सोडतो. विमा कंपनीकडून नकाराचे पत्र आले, की एकदा हळहळायचे आणि ते फडताळात ठेवून द्यायचे. मीही तेच करणार होतो. ते का केले नाही, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे.

२०२२ सालच्या डिसेंबरात आईला घेऊन मी काशीयात्रेला निघालो. पुण्याहून निघालेली आमची गाडी मध्यरात्रीनंतर भुसावळ, खंडवा मागे टाकून इटारसीकडे चालली होती. पहाटे जाग आली, तो बाकाखालची निळी बॅग नाही. साखळी तेवढी कापलेली, लोंबत होती. बॅगेत आईची लुगडी, दोन शाली, माझा कॅमेरा आणि वडिलांचे चांदीचे पळीपंचपात्र. आई क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "काशीला काहीतरी आवडीचं सोडून यायचं असतं रे. मी वांगं सोडणार होते, तू बॅगच सोडलीस!" ती हसली खरी, पण पंचपात्राची आठवण तिला प्रवासभर सलत राहिली.

इटारसीला उतरून मी रेल्वे पोलिसांच्या चौकीत धावलो. गाडी सुटायची घाई. हवालदाराने हिंदीत चार ओळी लिहिल्या, मी सही ठोकली आणि कागद खिशात घालून पळत गाडी गाठली.

प्रवासाचा विमा मी मुद्दाम उतरवला होता. परत आल्यावर सगळे कागद जोडून क्लेम पाठवला, आणि महिन्याभरात नकार आला. कारणे दोन. एक, पोलिसांच्या कागदात चोरीचा उल्लेख नाही, आणि नुसते हरवलेले सामान विम्यात बसत नाही. दुसरे, सामानावर आमचे लक्ष नव्हते. मी खिशातला तो कागद काढून प्रथमच नीट वाचला. त्यात लिहिले होते, बॅग प्रवासात 'गुम' झाली. चोरी हा शब्दच नाही! मी भाषा शिकविणारा मनुष्य. शब्दाशब्दातला फरक पोरांना समजावून सांगण्यात वीस वर्षे घालवली, आणि स्वतः मात्र न वाचता सही केली.

मी रागारागाने तीन पानी पत्र लिहिले. आमच्या वाणिज्य विभागातल्या सहकाऱ्यांनी ते वाचून परत दिले. म्हणाले, "सर, हे फाडा. त्यांनी जी दोन कारणं दिलीत, तेवढ्यालाच उत्तर द्या." मंडळी, साऱ्या भांडणाचे मर्म या एका वाक्यात आहे. नकार तोंडी आला, तर तो कारणांसह लेखी मागून घ्या. पत्रात दिलेल्या कारणांपलीकडची नवी कारणे कंपनीने नंतर पुढे करू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. म्हणजे ते पत्र तुम्हाला जितके बांधते, तितकेच कंपनीलाही बांधते.

मग मी इटारसीच्या ठाण्याला पुरवणी जबाब लेखी पाठवला. कापलेल्या साखळीचा फोटो सुदैवाने त्याच पहाटे मोबाईलवर काढलेला होता. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांचे दोन ओळींचे पत्र आणले. कॅमेऱ्याची पावती सापडली. हे सगळे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवून पोच घेतली. तिथूनही नकारच आला.

पुढची पायरी विमा लोकपालाची. हे पुष्कळांना ठाऊक नसते. कंपनीला लेखी तक्रार करूनही तिने ती फेटाळली, महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. फी नाही. वकील तर चालतच नाही. आपले म्हणणे आपणच मांडायचे. पुणे व मुंबई येथे ही कार्यालये आहेत. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

माझ्या सुनावणीला अर्धा तासही लागला नाही. कंपनीचे प्रतिनिधी सामानावर लक्ष नसल्याचे सांगू लागले. तेव्हा त्यांना विचारण्यात आले, की रात्रीच्या गाडीत झोपलेल्या माणसाने साखळीकुलपाखेरीज आणखी काय करावे? यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. कापलेली साखळी ही हरवल्याची नव्हे, चोरीची खूण आहे, हेही मान्य झाले. एकतीस हजार मागितले होते, सतरा हजार चारशे मिळाले. कपडे व कॅमेरा वापरलेला, म्हणून घट धरली. पंचपात्राचे काहीच नाही. सोने, चांदी व रोकड आमच्या पॉलिसीतून वगळलेलीच होती. तेथे कंपनीचे म्हणणे बरोबर होते, आणि ते मी कबूल केले. नकार प्रत्येक वेळी अन्यायच असतो असे नाही. म्हणून भांडण्याआधी पॉलिसी वाचावी, तीही प्रवासाला निघण्यापूर्वी.

एक गैरसमज येथेच दूर करतो. रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना थोड्या पैशांत मिळणारा विमा अपघाती मृत्यू, अपंगत्व व इस्पितळाच्या खर्चासाठी आहे, चोरीसाठी नाही. जवळ बाळगलेल्या सामानाची जबाबदारीही, रेल्वे नोकराचा निष्काळजीपणा वा गैरवर्तन सिद्ध केल्याखेरीज, रेल्वेवर येत नाही. आणखी एक. चोरी कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारला, तर लगेच हार मानू नका. केवळ उशिराच्या सबबीवर खरा क्लेम नाकारू नये, अशी सूचना विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना दिलेली आहे. उशिराचे खरे कारण मात्र लिहून द्या.

आता पोलिसांत खबर देणेही सोपे झाले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर जवळच्या ठाण्यात देता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. ती प्रत हातात आली, की तिथेच उभे राहून वाचा. भाषा कळत नसेल, तर कुणाकडून वाचून घ्या. 'चोरी' म्हणायचे असेल, तर चोरीच लिहिलेली हवी. गाडी सुटेल ही भीती मला होती. पण त्या दोन मिनिटांच्या घाईपायी पुढे चौदा महिने गेले.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. गावात कुणाला असे पत्र आले, की तो माणूस आधी तुमच्याकडेच येतो. "गुरुजी, हे काय लिहिलंय बघा," म्हणतो. त्याला 'जाऊ दे' म्हणू नका. नकाराचे कारण त्याला मराठीत समजावून सांगा, आणि पत्रावरची तारीख दाखवून, कुठवर मुदत आहे ते कागदावर लिहून द्या. एवढ्यानेही त्याचे अर्धे काम होईल.