विझलेल्या दिव्यात काय उरते?



नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवून तिचे पाणी पंपांनी वर उचलतात. काठच्या शिवारांतही मोटारी आहेत. मोटार चालेना, की शेतकरी खिशातला टेस्टर काढून स्टार्टरच्या पेटीत टेकवतो. तांबूस दिवा लागला, म्हणजे फेज आहे!

त्या इवल्या दिव्यात तापणारी तार नसते. असतो निऑन वायू. १८९८ साली लंडनमध्ये रॅम्से आणि ट्रॅव्हर्स यांनी तो शोधला. हेच ट्रॅव्हर्स पुढे जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

निऑन हा राजवायू. सहसा कुणाशी सोयरीक न करणारा. पण त्यातून वीज खेळली, म्हणजे धावत्या इलेक्ट्रॉनांचे धक्के बसून त्याचे अणू उत्तेजित होतात. बरेचसे अणू लगेच प्रकाश टाकून शांत होतात. काहींची गत मात्र माळवदावर चढावे आणि खालून कुणी शिडी काढून न्यावी, तशी होते. असा अणू अगदी एकटा राहिला, तर त्याच्या एका स्थितीत सरासरी पंधराएक सेकंद अडकून राहतो.

मग भरल्या नळीत तो किती टिकतो? दिवा विझला; आता मोजायचे कसे? १९५३ साली अमेरिकेतल्या फेल्प्स आणि मोल्नार यांनी ही मोजणी प्रसिद्ध केली. युक्ती अशी : नळीतली वीज तोडायची आणि दुसऱ्या दिव्याचा प्रकाश तिच्यातून पार करायचा. अडकलेले अणू त्यातला ठराविक रंग गिळतात. ते कमी होत गेले, की पलीकडे पोचणारा प्रकाश वाढत जातो. विरळ वायूच्या बोटभर रुंद नळीत त्यांचे आयुष्य भरते सेकंदाच्या काही हजाराव्या भागांएवढे!

असे का? वायू विरळ असला, तर अणू भटकत भिंतीला लागतो आणि सुटतो. दाटी वाढली, की भिंतीची वाट लांबते, आयुष्य वाढते. फारच दाटी झाली, तर शेजाऱ्यांचे धक्केच त्याला खाली उतरवतात. हॉलंडच्या पेनिंग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. निऑनमध्ये किंचित आरगॉन मिसळला, तर अडकलेला अणू आपली शक्ती आरगॉनला देतो आणि त्याचा इलेक्ट्रॉन उडवतो. त्यामुळे दिवा कमी दाबाच्या विजेवर लागतो.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढे जरूर सांगा, की उजेड गेला म्हणजे सारे संपले असे नव्हे. आणि शेतकरीदादा, तुम्हीही हे लक्षात ठेवा. टेस्टरचा दिवा तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी थोड्या विजेवर लागतो. तुम्ही कोरड्या फळीवर उभे असाल, ऊन लख्ख असेल, किंवा टेस्टरच बिघडलेला असेल, तर तार जिवंत असूनही दिवा दिसणार नाही. म्हणून टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून पाहा, मेन स्विच पाडा आणि मगच पेटीत हात घाला. दिवा दिसला नाही म्हणून वीज नाही, असे कधीही समजू नका.