नाव हजेरीपटावर, मूल खाणीवर
(मालवण येथील कार्यकर्ता-शिबिरातील भाषण)

पाऊस ओसरला, दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातील चिरेखाणी सुरू होतात आणि घाटावरून, कर्नाटकातून मजुरांची बिऱ्हाडे येतात. त्यांत वडार कुटुंबेही असतात. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले आणि १९५२ साली ज्यांना मुक्त केले, त्या विमुक्त जातींच्या महाराष्ट्राच्या यादीत वडारांचे नाव आहे. जूनच्या तोंडावर खाणी थांबतात, बिऱ्हाडे परततात. आणि शाळेचे वर्ष नेमके जूनमध्ये सुरू होते. म्हणजे मुलाचे नाव एका गावच्या हजेरीपटावर आणि मूल दुसऱ्या गावच्या खाणीवर! हा आईबापांच्या अनास्थेचा दोष नव्हे. पोटाचे पंचांग आणि शाळेचे पंचांग जुळत नाही, हे त्याचे कारण आहे.

निवृत्तीनंतर अशाच एका खाणीवर मी काही संध्याकाळी मुलांना शिकविले. अकरा वर्षांचा एक मुलगा गाडीत भरलेले चिरे आणि बापाची मजुरी यांचा हिशेब तोंडी, बिनचूक करी. तोच हिशेब पाटीवर लिहून दिला, तेव्हा त्याने मान खाली घातली. घरात वडारी, बाहेर मालवणी, पुस्तकात प्रमाण मराठी. वयाप्रमाणे त्याला पाचवीत बसविले होते खरे. परंतु बसविणे म्हणजे शिकविणे नव्हे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याला हे ठाऊक होते. वयानुरूप वर्गात घेतलेल्या अशा मुलाला इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क चौथे कलम देते. केंद्राच्या नियमांत त्याची मुदत किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे आहे. दाखल्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे पाचवे कलम सांगते.

काही मित्र विचारतात, 'मुले जूनमध्ये जाणारच. मग हा खटाटोप कशाला?' मित्रहो, तीन महिने खाणीच्या हंगामात सहज मावतात. जाताना मुलाची प्रगती लिहिलेला कागद त्याच्या हाती दिला, तर पुढची शाळा तेथूनच आरंभ करील.

म्हणून येत्या हंगामात प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील खाणीवर जावे, मुलांची यादी करावी, ती मुख्याध्यापकांना द्यावी आणि विशेष वर्गाची मागणी लेखी करावी. हा दानधर्म नव्हे. ज्यांनी काढलेल्या चिऱ्यांवर आपली घरे उभी आहेत, त्यांचे हे देणे आहे.