आजीचा मोत्या

(मॉरिशसमधील एका प्राथमिक शाळेत निवृत्त मराठी शिक्षकांनी मुलांसमोर केलेले भाषण)



तुमच्या बाईंनी मला सांगितले, "गुरुजी, मुलांना प्राण्यांविषयी काहीतरी सांगा." म्हणून मघाशी वर्गात येताच मी विचारले, "तुमच्या घरी कोणकोणते प्राणी आहेत?" कोणी मांजर सांगितले, कोणी ससा, कोणी कोंबड्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरी डोडो आहे!" तुम्ही सगळे हसलात. बाजारातून आणलेला लाकडी डोडो आहे तो! खरा डोडो आपल्या बेटावरून तीनशे वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. आता तो आपल्या राजचिन्हावर हरणासमोर उभा असतो.

मी आज तुम्हांला एका साध्या कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचे नाव मोत्या.

माझे बालपण ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कास्काव्हेलजवळच्या एका मळ्यावर गेले. चारी बाजूंना ऊस आणि पलीकडे राँपारचा डोंगर. मळ्यावर काम करणारी माणसे जिथे राहत, त्या वस्तीला सगळे 'काँ' म्हणत. आमचे घर उसाच्या पाचटाने शाकारलेले होते. जमीन शेणाने सारवलेली. घराच्या मागे गोठा, आणि गोठ्यात आमची तांबू गाय. उसाची तोडणी चालू असली, की बाबा तिच्यासाठी उसाचे वाढे आणत. बाकीच्या महिन्यांत आजी पहाटे विळा घेऊन बांधावरचे गवत कापायला जाई आणि डोक्यावर भारा घेऊन येई. तांबूचे दूध नेण्यासाठी दूधवाला सायकलवरून येई. त्याच्या सायकलची घंटा हेच आमचे घड्याळ होते.

मोत्या आजीला असाच बांधावर सापडला. ही १९५७ सालची गोष्ट. मी सहा वर्षांचा होतो. गवताच्या भाऱ्याबरोबर आजीने पदरात काहीतरी आणले. पाहतो तर बदामी रंगाचे एक पिल्लू! त्याचा डावा कान उभा आणि उजवा कान दुमडलेला. आई म्हणाली, "आपल्यालाच खायला पुरत नाही, याला काय घालणार?" आजी म्हणाली, "माझ्या ताटातले खाईल." आणि तो खरोखरच शेवटपर्यंत तिच्याच ताटातले खात राहिला.

आता एक गंमत सांगतो. घरात आम्ही मुले क्रिओल बोलत असू. शेजारी भोजपुरी बोलत. आजीचे आजोबा रत्नागिरीकडून जहाजाने इथे आले होते. तिला मराठी येत होते. पण तिच्याशी मराठीत बोलणारे फारसे कोणी उरले नव्हते. आम्ही तिला क्रिओलमध्ये उत्तर द्यायचो. मग ती बोलणार कोणाशी? ती तांबूशी आणि मोत्याशी बोले! दूध काढताना तांबूच्या पाठीवरून हात फिरवीत ती म्हणे, "सोड ग बाई, पान्हा सोड." तांबू लगेच पान्हा सोडी. मोत्याला ती "यू यू" करून बोलावी. "गप रे", "जा, कोंबड्या हाकल", "आता जेव बाबा", सगळे मराठीत. पुष्कळ दिवस मला वाटत होते, की मराठी ही गाईची आणि कुत्र्याची भाषा आहे! हसू नका. मी तेव्हा लहान होतो.

मग १९६० साल आले. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी 'कॅरोल' नावाचे चक्रीवादळ आपल्या बेटावर आले. वाऱ्याचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला होता. तुम्ही आज सिमेंटच्या घरात बसून वादळाचा आवाज ऐकता. आमचे घर पाचटाचे! त्या वर्षी देशात अशी हजारो घरे पडली, आणि त्यानंतरच जिकडेतिकडे सिमेंटची घरे बांधायला सुरुवात झाली.

वस्तीतल्या सगळ्यांना मळ्यावरच्या दगडी वखारीत जायचे होते. बाबांनी तांबूचे वासरू खांद्यावर घेतले. तांबू एवढी मोठी, तिला आत कुठे ठेवणार? आजीने तिचे दावे सोडले. "बांधलेले जनावर छपराखाली चिरडते, मोकळे जनावर स्वतःची वाट शोधते," असे ती म्हणाली. पण दावे सोडताना तिचे हात थरथरत होते, ते मी पाहिले. कुत्र्याला वखारीत नेण्याची परवानगी नव्हती. आजीने मोत्याला पदराखाली झाकले आणि ती सरळ आत गेली. पदराखालून शेपटी लोंबत होती. सगळ्यांना ती दिसली. कोणी काही बोलले नाही.

रात्र कशी गेली, ते सांगत बसत नाही. वासरू सारखे हंबरत होते आणि मला वाटत होते, तांबूला ते ऐकू जात असेल का?

मग अचानक वारा थांबला. अगदी शांत! झाडाचे पान हलेना. मला वाटले, वादळ संपले. पण मुलांनो, चक्रीवादळाच्या मध्यभागी एक शांत जागा असते. तिला वादळाचा डोळा म्हणतात. तो डोळा आपल्या डोक्यावरून पुढे गेला, की वारा पुन्हा येतो आणि तो उलट्या दिशेने येतो. मोठ्या माणसांना हे ठाऊक होते. मला नव्हते. मी कोणाला न सांगता तांबूला शोधायला बाहेर पडलो. मोत्या माझ्या मागे आला.

बाहेर काहीच ओळखू येईना. ऊस आडवा झाला होता. वाटेवर झाडे पडली होती. आमचे घर जिथे होते, तिथे नुसता चिखल आणि पाचट. मी "तांबू! तांबू!" करीत पुढे गेलो. थोड्या वेळाने मागे वळून पाहिले, तर वखार कोणत्या बाजूला आहे, हेच कळेना. आभाळ पुन्हा काळे होत होते. मी रडू लागलो.

तेवढ्यात दुरून हाक आली, "यू यू! ये रे मोत्या! यू यू!"

मला ती हाक नीट ऐकूही आली नव्हती. मोत्याचा उभा कान हलला. तो एकदम फिरला आणि पळत सुटला. मी त्याच्या मागे धावलो. दोनदा पडलो. वखारीच्या दारात आजी उभी होती. तिने मला आत ओढले, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला घट्ट धरले. बाबांनी दार लावले. थोड्याच वेळात वारा पुन्हा त्या दारावर आदळू लागला.

लोक पुढे म्हणत, मोत्याने मुलाला वाचवले. खरे सांगू? मोत्याला वाटले असेल, आजी भाकरी देणार आहे. पण त्याला मराठी कळत होते, म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे, एवढे खरे.

आणि तांबू? दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीच्या दारात हंबरण्याचा आवाज आला. आमच्याआधी वासरानेच ओळखले. तांबूच्या पायाला जखम होती, एक शिंग मोडले होते. पण ती स्वतःच्या पायांनी आली होती.

दोन वर्षांनी, १९६२ साली, आजी वारली. मोत्या तिच्या खाटेखाली जाऊन बसला. आईने त्याच्यापुढे भात ठेवला. "विनी, मोत्या, मांझे," असे ती क्रिओलमध्ये म्हणाली. त्याने डोके वर केले नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आम्हांला वाटले, हाही जाणार. मग मी खाटेजवळ बसलो. आजी काय म्हणत असे, ते आठवले. मला नीट म्हणता येत नव्हते. तरी मी म्हणालो, "आता जेव बाबा."

मोत्याने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तो हळूच बाहेर आला आणि जेवला.

त्या दिवसापासून रोज मला त्याच्याशी मराठीत बोलावे लागले. माझे शब्द लवकर संपले! रोज रोज "गप" आणि "जेव" किती म्हणणार? म्हणून मी संध्याकाळी बैठकेत मराठी शिकायला जाऊ लागलो. मोत्या दारात बसून राही. आमचे गुरुजी हजेरी घेताना म्हणत, "रोज हजर असतो, असा विद्यार्थी एकच आहे, आणि तो दाराबाहेर बसला आहे."

१९६८ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा मोत्या म्हातारा झाला होता. त्याच वर्षी हिवाळ्यात तो गेला. बाबांनी आणि मी त्याला गोठ्यामागे पुरले.

आता माझ्या घरी एक नवे पिल्लू आहे. गेल्या महिन्यात फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर कोणीतरी ते सोडून दिले होते. लोक हौसेने कुत्रा आणतात आणि कंटाळा आला की समुद्रावर सोडतात, याचा मला फार राग येतो. माझी नात त्याच्याशी क्रिओलमध्ये बोलते आणि मी मराठीत. परवा तिने मला विचारले, "आजोबा, याला 'आसिझ' सांगितले तर बसत नाही. मराठीत काय म्हणू?"

मी सांगितले, "बस म्हण."

ती म्हणाली, "बस!" पिल्लू बसले नाही. ते तिच्या अंगावर उड्या मारू लागले. मी म्हटले, "असू दे. मोत्यालाही हा एक शब्द कधी आला नाही."