बुचांची साडी
(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



पूजेत आपण सुपारी मांडतो आणि तिलाच गणपती मानतो. न दिसणाऱ्याला हाताशी असलेल्या वस्तूने रूप देणे आपल्याला नवे नाही. मुंबईच्या कलावंत शर्मिला सामंत यांनी १९९९ च्या सुमारास कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे जोडून साडी केली. परका माल आपल्या अंगाला कसा लपेटला जातो, हे तिच्याकडे पाहताच उमगते. व्याख्यान लागत नाही.

आपले घरचे कष्टही असेच न दिसणारे, कुणाच्या हिशेबात नसलेले. चिचगडात तेंदूपाने आहेत, तणस आहे, झिजलेली सुपे आहेत. पुढल्या प्रदर्शनात त्यांतून आपल्या कष्टांना रूप द्या. मग घरच्यांनाही ते दिसतील.